दुसऱ्या महिन्याची वर्गणी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि त्यावरील उपचारांची फलश्रुती या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. तेव्हा "या माणसाला हा विषय कोणी दिला?" असे तुमच्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. हा विषय आम्ही स्वतः मागून घेतला. कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

२०११ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. शाखेतील शिपायाचा सहा वर्षांचा मुलगा आजारी पडला. महिनाभर ताप येत-जात होता. तोंड फिके पडले. पाय दुखतात म्हणून पोर शाळेत जाईना. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शने झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. मग मांड्यांवर निळे-काळे डाग दिसू लागले, तेव्हा जिल्ह्याच्या गावी रक्त तपासले आणि तेथून मोठ्या शहराच्या रुग्णालयात पाठवणी झाली. निदान झाले, ल्युकेमिया.

आम्ही सर्व सहकाऱ्यांनी पगाराच्या दिवशी वर्गणी काढली. पाकीट त्याच्या हाती दिले, पाठीवर हात ठेवला. महिन्याभराने बातमी आली की तपासणीत रोग दिसत नाही. शाखेत पेढे वाटले गेले. बाप कामावर रुजू झाला. त्याची रजा संपली होती आणि पुढची बिनपगारी होती. आई मुलाला घेऊन शहरात एका धर्मशाळेच्या ओसरीवर राहत होती. धाकटी मुलगी आजीकडे होती, आणि पेरणीचे दिवस आले होते. औषधाने पोराचे केस गेले, उलट्या होत होत्या. एक नातेवाईक म्हणाला, "रोग गेला ना? मग आता पोराला हे विष कशाला देता?" मायलेक गावी परतले ते परतलेच.

त्या काळात आम्ही रोज त्या बापाच्या हातचा चहा पीत होतो. "भाऊ, पुढचं इंजेक्शन कधी आहे?" एवढा एक प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. वर्गणी दिली होती, पेढा खाल्ला होता. आमच्या दृष्टीने ते प्रकरण निकालात निघाले होते. आठ महिन्यांनी रोग उलटला आणि मूल गेले. शेवटी डॉक्टर त्या बापाला एवढेच म्हणाले, "औषध लागू पडलं होतं हो."

औषध लागू पडले होते, तरी मूल गेले. असे का व्हावे? या प्रश्नाने आम्हांला या विषयाकडे ओढले. गेली काही वर्षे मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले, रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन बसलो. त्यातून जे कळले ते तुमच्यासमोर ठेवतो.

प्रथम रोग समजून घेऊ. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तेथे रक्ताच्या पेशी तयार होतात. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात एखादी अपक्व पांढरी पेशी बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. कारखान्याची सगळी जागा तीच अडवते. लाल पेशी कमी पडल्या की मूल फिके दिसते व थकते. प्लेटलेट्स कमी पडल्या की हिरड्यांतून रक्त येते, अंगावर डाग पडतात. चांगल्या पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत की ताप हटत नाही. मज्जा फुगली की हाडे दुखतात. म्हणजे त्या पोराच्या अंगावर एक-एक लक्षण स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. वाचणारा कोणी नव्हता.

मुलांच्या ल्युकेमियात सर्वांत जास्त आढळतो तो तीव्र लिंफोब्लास्टिक प्रकार. चारपैकी साधारण तीन मुलांना तोच असतो, आणि दोन ते पाच या वयात तो अधिक दिसतो. आज आपण मुख्यतः त्याच्याविषयी बोलत आहोत. हा रोग संसर्गजन्य नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही, आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, आणि त्या मुलाच्या ताटात जेवल्याने कोणालाही होत नाही.

आता उपचारांचा इतिहास पाहू. तो आपल्या मुंबईच्या गिरणगावाशी जोडलेला आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेक दगावत. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी त्याचा अभ्यास केला. निकृष्ट आहार हे कारण असल्याचे त्यांनी ओळखले आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिला की त्या बायकांचे रक्त भरून येते, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व.

अमेरिकेत बॉस्टनला सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्ये दिली की ल्युकेमियाच्या मुलांचा रोग उलट वेगाने वाढतो, असे त्यांना दिसले. मग त्यांनी उलटा विचार केला. या जीवनसत्त्वाची वाट अडवणारे औषध दिले तर? तसे औषध बनवले ते लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधकांनी, आणि त्यांचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. १० मुलांचा रोग मागे हटला होता. मात्र ही सुधारणा काही महिनेच टिकली, रोग परत आला. सुब्बारावही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. पण अंधारात पहिली पणती लागली होती. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही प्रत्येक मुलाला दिले जाते.

विद्यार्थिनींनी पुढचे नाव लक्षात ठेवावे. गर्ट्रूड एलियन. रसायनशास्त्र शिकूनही बाई म्हणून त्यांना प्रयोगशाळेत कोणी घेईना. काही काळ त्यांनी लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची नोकरी केली. पीएच.डी. त्यांना कधी पुरी करता आली नाही. त्याच बाईंनी जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत १९५० च्या दशकाच्या आरंभी मर्कॅप्टोप्युरिन हे औषध शोधले आणि १९८८ साली नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तिसरे औषध विंक्रिस्टीन. ते तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळाले, १९६३ पासून अमेरिकेत ते वापरात आहे. येथे एक इशारा देतो. म्हणून कोणी सदाफुलीचा पाला वाटून मुलाला पाजू नये. ते औषध शुद्ध करून, अचूक मोजून, शिरेतून द्यावे लागते. पाला पाजणे म्हणजे विषाशी खेळ आहे.

औषधे मिळाली, तरी मुले वाचत नव्हती. एका औषधाने रोग दबे आणि पुन्हा डोके वर काढी. तेव्हा फ्राय आणि फ्रायराईश या डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी चार औषधे एकत्र देऊन पाहिली. १९६२ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे डॅनी थॉमस या कलावंताने लोकवर्गणीतून सेंट ज्यूड हे मुलांचे रुग्णालय उभारले. त्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्या-काळ्यांचे वॉर्ड वेगवेगळे असत. या रुग्णालयाने पहिल्या दिवसापासून सर्व मुलांना एकाच छताखाली ठेवले. रुग्णालयाची इमारत आखली पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने, तीही मोबदला न घेता. ते सुरू झाले तेव्हा या रोगाची शंभरातील सुमारे ४ मुले वाचत.

तेथील पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल. त्यांचे म्हणणे असे की रोग दिसेनासा झाला म्हणजे संपला नाही. तो मेंदूच्या आवरणात दडून बसतो, कारण साधी औषधे तेथे पोहोचत नाहीत. म्हणून उपचार टप्प्याटप्प्याने करावेत. पहिल्या टप्प्यात रोग हटवावा. मग मेंदूकडचा लपलेला रोग मारावा, औषधांचा जोर वाढवून उरलेल्या पेशी संपवाव्यात, आणि शेवटी गोळ्यांचा लांब टप्पा दोन-तीन वर्षे चालवावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीने जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. विशेष म्हणजे पिंकेल यांच्या हाती बहुतांशी जुनीच औषधे होती. ती पुरी आणि क्रमाने दिली, यातच फरक होता. आज संपन्न देशांत या रोगाची शंभरातील सुमारे ९० मुले वाचतात.

आम्ही बँकेतले असल्याने एक हिशेब आम्हांला फार पटला. रोगाचे निदान होते तेव्हा मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी रोग "दिसेनासा" होतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तो सापडत नाही. तरीही त्या वेळी एक हजार कोटीपर्यंत पेशी शिल्लक असू शकतात. कर्जदाराने नव्याण्णव टक्के कर्ज फेडले आणि उरलेल्या एका टक्क्यासाठी बँकेकडे फिरकलाच नाही, तर काय होते? चक्रवाढीने ते कर्ज पुन्हा पूर्ववत होते, आणि या वेळचा सावकार जुन्या औषधाला दाद देत नाही. आमच्या शाखेत पेढे वाटले गेले त्या दिवशी त्या पोराच्या अंगात ही शिल्लक होती. ते वाटताना हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९७० च्या दशकात भारतात, मोठ्या कर्करोग रुग्णालयांतसुद्धा, या रोगाची शंभरातील वीसही मुले रोगमुक्त राहत नव्हती. १९८४ पासून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी एकच ठरावीक उपचारक्रम स्वीकारला. त्याचे नाव एमसीपी-८४१. परिस्थितीला झेपेल असा तो बेतलेला होता. परिणाम असा झाला की चार वर्षांनंतरही रोगाविना जगणाऱ्या मुलांचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. ही काही लहान गोष्ट नव्हे.

तरी पश्चिमेपेक्षा आपण मागे का राहिलो? याच डॉक्टरांनी त्याची कारणे प्रामाणिकपणे मांडली आहेत. आपली मुले उशिरा येतात, रोग पसरल्यावर येतात. औषधांनी प्रतिकारशक्ती खाली गेली असता जंतुसंसर्गाने दगावणारी मुले आपल्याकडे अधिक. घरातली स्वच्छता, गावापासून रुग्णालयाचे अंतर, रात्री-अपरात्री ताप आला तर जायचे कोठे, हे सारे त्यात येते. रोगाच्या जातीतही काही फरक आहे, तो आपल्या हातात नाही. बाकीचे बरेचसे आहे. आणि या सर्वांच्या जोडीला उपचार अर्धवट सोडणे. आणखी एक गोष्ट माता-भगिनींसमोर बोलताना जड जाते, पण सांगतो. आपल्या देशातील रुग्णालयांच्या नोंदीत मुलग्यांच्या मानाने मुलींची संख्या असावी त्यापेक्षा कमी दिसते. मुलगी आजारी पडते, पण रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही.

हे बदलता येते का? येते. ब्राझीलमधील रेसिफे या शहराचे उदाहरण घ्या. तोही गरिबांचा मुलूख. १९८० च्या दशकात तेथे शंभरातील १६ मुले उपचार सोडून जात आणि पाच वर्षे रोगाविना जगणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. मग तेथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग केला, परिचारिका तयार केल्या. कुटुंबाच्या राहण्याची आणि प्रवासाची सोय केली. आले नाही त्या मुलाच्या घरी चौकशी सुरू झाली. १९९७ नंतरच्या काळात सोडून जाणारी मुले शंभरात एकही उरली नाही म्हणा ना, आणि रोगाविना जगणारी मुले ६३ टक्के झाली.

फार लांब जायला नको. टाटा रुग्णालयात २००९ साली कर्करोगाच्या सुमारे २० टक्के मुलांचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. २०१० पासून तेथे पैसा, निवारा, आहार, रक्त, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची एकत्र व्यवस्था केली. काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, २००६ पासून मुंबईत चाललेली सेंट ज्यूड इंडियाची निवासकेंद्रे, यांच्यामुळे किती मुलांचे उपचार पुरे झाले असतील! एखाद्या खोलीची किल्लीसुद्धा औषधाइतकेच काम करते, हे यावरून कळते.

मित्रहो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली एक ध्येय ठरवले. २०३० पर्यंत जगभरातील कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत. ते ध्येय केवळ जिनिव्हात बसून पुरे होणार नाही. आपल्यासारख्या छोट्या संस्थांनी काय करावे, याविषयी आम्हांला सुचलेल्या गोष्टी नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, लक्षणे ओळखणे. मुलाचा ताप दोन आठवडे हटत नाही, तोंड फिके पडत चालले आहे, न लागता अंगावर निळे डाग किंवा लाल ठिपके उठतात, हाडे दुखतात, मानेत-काखेत गाठी येतात, पोट फुगते, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या. तिला खर्च थोडा लागतो. अशा वेळी निदान होण्याआधी स्टिरॉईडच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी रोग तात्पुरता झाकला जातो आणि निदान लांबते.

दुसरी गोष्ट, कागदपत्रे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शिकलेल्या मुलांनी अशा कुटुंबासोबत एक दिवस जाऊन अर्ज भरून दिला तरी मोठे काम होते.

तिसरी गोष्ट, रक्त आणि प्लेटलेट्स. एकाच दिवशी शंभर जणांनी शिबिरात रक्त देऊन फोटो काढण्यापेक्षा, बोलावले की येणाऱ्या वीस जणांची यादी अधिक उपयोगी. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत.

चौथी गोष्ट, तापाची दक्षता. उपचार चालू असलेल्या मुलाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ज्याच्या घरी गाडी आहे त्याने आपला फोन नंबर त्या आईला देऊन ठेवावा.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट, शेवटपर्यंत सोबत करणे. शेवटच्या टप्प्यात मूल ठणठणीत दिसते, शाळेत जाते, पण रोज गोळ्या घ्याव्या लागतात. परदेशातील अभ्यासात असे दिसले आहे की शंभरातील पंच्याण्णवपेक्षा कमी गोळ्या घेतल्या तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे महिन्यात दोनच दिवस चुकले की आपण त्या रेषेखाली आलो. हे आवर्त ठेवीसारखे आहे. हप्ता लहान असतो, पण एकही चुकवून चालत नाही.

खोटी आशाही आम्हांला दाखवायची नाही. सर्व उपचार वेळेवर करूनही काही मुलांचा रोग उलटतो. ल्युकेमियाचे दुसरे काही प्रकार अधिक बिकट आहेत. काही मुलांना औषधांचे परिणाम मोठेपणीही सोसावे लागतात. अशा घरी गेल्यावर "धीर धरा" म्हणण्यापेक्षा धाकट्या भावंडाला शाळेत पोहोचवणे अधिक मोलाचे असते.

शेवटी एक सूचना. आपल्या संस्थेने मोठा निधी उभारावा असे आम्ही म्हणत नाही. एक साधी वही करावी. वस्तीत अशा उपचारात असलेले मूल असेल तर त्याच्या आईवडिलांच्या संमतीने पुढच्या प्रत्येक तारखेची त्यात नोंद करावी. प्रत्येक तारखेसमोर आपल्यापैकी एकाचे नाव असावे. तारखेच्या आदल्या दिवशी त्याने घरी जाऊन विचारावे की गाडीभाडे आहे का, सोबत कोण येणार, रजेची काय व्यवस्था आहे. अशी नोंद अडीच-तीन वर्षे चालली पाहिजे. पहिल्या महिन्याची वर्गणी सगळेच देतात. दुसऱ्या महिन्याची, बाराव्या महिन्याची, तिसाव्या महिन्याची देणारा पाहिजे.

ती वही लिहिण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे द्यावे. कारकुनी हाच आमचा पेशा आहे. खात्यात एक पैसा चुकला तर तो सापडेपर्यंत आम्ही शाखेतून उठत नाही. त्या वर्षी आमच्या डोळ्यांसमोर एक मूल हिशेबातून सुटले, आणि आम्हांला त्याचा पत्ता लागला नाही. पुन्हा तसे होऊ नये, एवढीच इच्छा आहे.